छपरावरची हाक

१

स्पुरियस तुरानियस उन्हाळ्यात थेसलीच्या रणावर मेला, हे सगळ्या रोमला ठाऊक होतं. म्हणून पानगळीच्या दिवसांत एका पहाटे तो स्वतःच्याच घरात, चौकातल्या हौदाच्या काठावर डोकं फुटून मरून पडलेला सापडला, तेव्हा आधी रडावं की आधी घाबरावं हेच त्याच्या बायकोला कळेना. शेवटी तिने दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या आणि मानियस कुस्पियसला बोलावणं धाडलं.

कुस्पियस सिनेटमधला जुना माणूस, स्पुरियसचा लहानपणापासूनचा मित्र. युद्धाला तोंड लागलं तेव्हा स्पुरियससकट अर्धी सिनेट पाँपेबरोबर समुद्रापार गेली, उरलेली सीझरच्या स्वागताला धावली, आणि कुस्पियस ताप आल्याचं सांगून घरात बसला. तेव्हापासून लोक त्याला पाठीमागे ‘तापकरी’ म्हणत, आणि काही जण तोंडावरही. त्याच्या एकुलत्या एका मुलाला, अव्हलसला, बापाचा हा ताप सहन झाला नाही. तो घर सोडून पाँपेकडे गेला आणि थेसलीतच पडला. त्याच्या मरणाची आणि स्पुरियसच्या मरणाची बातमी एकाच माणसाने एकाच दिवशी आणली होती. तेव्हापासून कुस्पियसचं मन कशात लागत नसे. जेवताना मधेच उठायचा, बोलता बोलता दाराकडे बघायचा.

तो पोचला तेव्हा प्रेत अजून हलवलं नव्हतं. स्पुरियस उताणा पडला होता. अंगावर प्रवासाचा काळसर लोकरी झगा, दाढी ताजी केलेली, केसांना तेल. हौदाच्या पाण्यात चार-दोन फुटकी कौलं पडली होती आणि वरच्या उघड्या चौकोनातून सकाळचं राखाडी आभाळ दिसत होतं. कुस्पियसने मित्राला हलकेच कुशीवर वळवलं. झग्याच्या पाठीवर पांढरी भुकटी लागली होती, आणि दोन्ही काखांखाली कातडी सोलवटली होती.

“कौलांचा चुना असणार,” स्पुरियसचा धाकटा भाऊ सेक्स्टस मागून म्हणाला. “वाऱ्याने कौलं पडलीत. चुन्याचं काय घेऊन बसलास? खुनी सापडलाय.”

“कोण?”

“बाटो. दुसरं कोण?” सेक्स्टसने देवडीकडे हात केला. तिथे म्हातारा इलिरियन दरवान नेहमीसारखाच दाराशी, चौकापर्यंत पोचेल अशा लांब साखळीने बांधलेला होता, फक्त आज त्याचे हातही बांधले होते. “दाराला आतून अडसर. आत यायला दुसरी वाट नाही. म्हणजे यानेच आत घेतलं आणि यानेच डोकं फोडलं. भावाकडे इटलीत पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. याला वाटलं असेल, बक्षीस मिळेल.”

“बक्षीस हवं असतं तर पकडून दिला असता. घरातच कशाला मारेल?”

“ते तो उद्या सांगेल. सकाळी चाबूकवाले येतायत, पिळायचं यंत्र घेऊन. गुलामाची साक्ष छळाशिवाय धरत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.”

“या वयात तो पहिल्याच पिळाला मरेल, सेक्स्टस.”

“मग तेवढाच प्रश्न सुटेल,” सेक्स्टस म्हणाला.

इतक्यात देवडीतून मोठमोठ्याने हुंदके देत लुकियस गाव्हियस आत आला. दोन्ही मरणांची बातमी आणणारा तो हाच. लढाईत पाँपे हरल्यावर त्याने सीझरची माफी मिळवली होती, आणि आता तो ट्रिब्यून या लोकप्रतिनिधीच्या पदासाठी निवडणुकीला उभा होता. अंगात उमेदवाराचा पांढराशुभ्र टोगा. प्रेत पाहताच त्याने तोंड फिरवलं आणि कुस्पियसला कडकडून मिठी मारली.

“मानियस, माझ्या मांडीवर गेला होता रे हा. डोळे मी मिटले याचे. बोटातली अंगठी काढून मी वहिनींना आणून दिली. तेव्हा श्वास लागलाच नाही हाताला. मी असा कसा फसलो?”

“शांत हो,” कुस्पियस म्हणाला. “आपण सगळेच फसलोय.”

२

सेक्स्टस बाहेर गेला तेव्हा कुस्पियस देवडीत जाऊन बाटोसमोर उकिडवा बसला.

“दार उघडलंस?”

“नाही धनी.”

“कोणी ठोठावलं?”

“नाही.”

“मग तुझा मालक आत आला कसा?”

बाटोने मान खाली घातली. “सांगून उपयोग नाही. धाकट्या मालकांना सांगायला गेलो तर मुस्काटात बसली. तुम्हीही वेड्यात काढाल.”

“मला सगळं गाव तापकरी म्हणतं. मी कोणाला वेड्यात काढणार?”

म्हाताऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं. “उजाडायच्या आधी हाक आली,” तो म्हणाला. “‘बाटो, दिवा आण. हळूच ये.’ मालकांचाच आवाज. पण दाराबाहेरून नाही. वरून. आभाळातून.”

“मग?”

“मग काय? मेलेल्या माणसाने हाक मारली तर ओ द्यायची नसते, लहान पोराला कळतं. ओ दिली की तो घेऊन जातो. मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि कानात बोटं घातली. पुन्हा हाक आली असेल तर मला ठाऊक नाही. मग धप्पकन काहीतरी पडलं.” त्याने चौकाकडे पाहिलं. “ते जिवंत होते, धनी. मी दिवा नेला असता तर? नुसतं ‘आलो’ म्हटलं असतं तरी?”

कुस्पियस उठला आणि पुन्हा चौकात आला. त्याने वर पाहिलं. आत उतरत्या छपराच्या कडेला कौलांची एक ओळ ओरबाडल्यासारखी निघाली होती. आता काखांखालच्या त्या सोलवटलेल्या पट्ट्याचा अर्थ त्याला लागला. स्पुरियसच्या काखांतून दुहेरी दोर घालून कोणीतरी त्याला छपरावरून खाली सोडत होतं, आणि मधेच एक टोक सोडून दोर वर ओढून घेतला.

पण साठीला टेकलेला, गुडघे धरलेला सिनेटर स्वतःच्या घराचं दार सोडून छपरावर कशाला चढेल?

याचं उत्तर कोणाही रोमनाने दिलं असतं. ज्याची अंत्यक्रिया होऊन गेली आहे, तो माणूस जिवंत परत आला तरी उंबरठा ओलांडत नाही. दार त्याला बंद झालेलं असतं. कौलं काढून, वरून, नव्याने जन्मल्यासारखं त्याने घरात यायचं. कुस्पियसच्या आजोबांच्या गल्लीत एक बुडालेला म्हणून रडून झालेला खलाशी तसाच उतरला होता, आणि त्याच्या बायकोने खाली चादर धरली होती.

म्हणजे आपली क्रिया झाल्याचं स्पुरियसला माहीत होतं. लपतछपत समुद्रापारून आलेल्या माणसाला हे घरी पोचण्याआधी कोणीतरी सांगितलं होतं. त्यानेच त्याला न्हाऊ घातलं, त्याची दाढी करवली आणि बरोबर दोर घेतला.

३

स्पुरियसची बायको फाबेरिया मागच्या खोलीत बसली होती. समोर पाण्याचं भांडं होतं, पण तिने तोंडसुद्धा धुतलं नव्हतं.

“वहिनी, एक विचारतो, रागावू नका,” कुस्पियस म्हणाला. “तो आल्याचं तुम्हाला कोणी कळवलं होतं?”

“कळलं असतं तर मी गावाच्या वेशीपर्यंत धावत गेले असते, भाऊ. मग मला कोणी काही म्हणो.”

“गाव्हियसशी तुमचं लग्न लागणार, असं लोक बोलतात.”

“लोक बोलतात आणि गाव्हियसभाऊजी बोलू देतात. यांनी मरताना आपली माणसं त्यांच्यावर सोपवली ना, तेव्हापासून ते माझ्यावरही हक्क सांगतात. आमच्या घराचे सगळे आश्रित आता त्यांच्या मागे टाळ्या वाजवत फिरतात. मी काय बोलू? मरणाऱ्याचा शब्द आहे.”

“आणि सेक्स्टस?”

“सेक्स्टसभाऊजींना घर हवंय. ते तोंडाने वाईट आहेत, पण जे मनात ते ओठात. माझ्यावर महिनाभर धुमसतायत.”

“कशावरून?”

तिने भांडं जवळ ओढलं. मग भांड्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, “क्रियेवरून.”

“क्रियेला काय झालं?”

“झालीच नाही.”

कुस्पियस तिच्यासमोर खाली बसला.

“प्रेनेस्टेला घराण्याची जागा आहे, तिथे करते म्हणून सगळ्यांना सांगितलं. गेले. रिकामी चिता रचून तयार होती, भटजी उभे होते. शेवटची हाक मारायची, नाव घेऊन, म्हणजे माणूस गेला असं ठरतं. माझ्या तोंडून नावच निघेना. अंगठीच तेवढी आली होती, भाऊ. अंगठी म्हणजे काय माणूस असतो? लाकडं तशीच टाकून परत आले. सेक्स्टसभाऊजी म्हणाले, लोक हसतील, कोणाला सांगू नका. मी सांगितलं नाही.”

“म्हणजे ही गोष्ट तुम्हा दोघांनाच ठाऊक?”

“आम्हा दोघांनाच. भटजी तिथलेच, ते रोमला कधी येत नाहीत.” आता तिचे डोळे भरून आले. “दार त्यांच्यासाठी उघडंच होतं. ते दाराने का नाही आले?”

कुस्पियसकडे उत्तर होतं, पण ते देण्याचं धैर्य त्याला झालं नाही. त्याच्या मनात दुसरंच टोचत होतं. त्याने स्वतः अव्हलसच्या रिकाम्या चितेपुढे मुलाचं नाव पुन्हा पुन्हा, खणखणीत आवाजात घेतलं होतं. लोकांनी त्याच्या धीराचं कौतुकही केलं होतं.

४

घरी येऊनही तो येरझाऱ्या घालत राहिला. बायको सेप्टिमियाने वाढलेले अंजीर आणि चीज तसंच पडून होतं.

“बसा तरी,” ती म्हणाली. “फरशी झिजली. कोणाचा जीव जायचाय एवढा?”

“बाटोचा. उद्या सकाळी.”

“मग थांबवा त्या सेक्स्टसला. कोण जाणे, खुनी तोच असेल.”

“सेक्स्टसला स्पुरियसचा काटा काढायचा असता तर त्याने त्याला सरळ दाराने आत नेलं असतं. क्रिया झाली नाही हे त्याला माहीत होतं. ही छपराची कसरत ज्याला सुचली, त्याची खात्री होती की क्रिया झाली आहे. म्हणजे घरचं कोणी नाही. पण बाहेरचा म्हणजे सगळं रोम आलं.”

“आधी तो टोगा काढा. असेच हिंडलात वाटतं गावभर?”

कुस्पियस मुलाच्या दुखवट्यात होता आणि त्याचा टोगा काळा होता. सेप्टिमियाने तो त्याच्या अंगावरून उतरवला आणि खिडकीशी नेऊन हाताने झटकायला लागली. पांढरा धुरळा उडाला.

“गाव्हियस भेटला ना?” ती वैतागून म्हणाली. “हे बघा, पुढे छातीभर आणि मागे दोन हातांचे दोन पट्टे. टोगा पांढरा दिसावा म्हणून खडू फासायचा आणि मग दिसेल त्याला मिठ्या मारायच्या. मतं त्यांना, झटकायला आम्ही.”

कुस्पियस थांबला.

“पट्टे कुठे म्हणालीस?”

“पाठीवर. मिठी मारल्यावर हात आणखी कुठे जातात?”

त्याने टोगा तिच्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. स्पुरियस उताणा पडला होता. छपरावरून पडलेला चुना माणसाच्या छातीवर पडतो, पाठीखाली कसा जाईल? आणि सकाळी ती भुकटी त्याने पाहिली तेव्हा गाव्हियस अजून चौकात आलेलाही नव्हता.

“झटकू नकोस,” तो म्हणाला. “उद्या मला हाच घालायचाय.”

५

सकाळी चाबूकवाले आपलं लाकडी यंत्र चौकात मांडत होते. बाटोला साखळीतून सोडवून हौदाशी बसवलं होतं आणि तो यंत्राकडे न बघता वरच्या चौकोनाकडे बघत होता. सेक्स्टस होता, फाबेरिया होती. गाव्हियसला कुस्पियसने मुद्दाम बोलावलं होतं. तो नव्याने खडू फासून आला होता.

“सुरुवात करायच्या आधी थोडं बोलतो,” कुस्पियस म्हणाला.

“तापकऱ्याला आज बरं वाटतंय,” सेक्स्टस पुटपुटला.

कुस्पियसने त्यांच्याकडे पाठ केली. “काय दिसतं?”

“खडू. उमेदवार भेटला असेल,” सेक्स्टस म्हणाला.

“आता तुझ्या भावाचा झगा बघ.” फाबेरियाने झगा पुढे धरला. पाठीवर तसेच दोन पट्टे होते, पुसट पण स्पष्ट. “मरण्याच्या आदल्या संध्याकाळी स्पुरियस कोणाच्यातरी दारात गेला. त्या माणसाने त्याला मिठी मारली, न्हाऊ घातलं, आणि सांगितलं की तुझी क्रिया झाली, आता छपरावरूनच उतरायला हवं. पहाटे त्यानेच दोर धरला. आणि सोडला.”

“गावात उमेदवार काय थोडे आहेत?” गाव्हियस शांतपणे म्हणाला. “सगळेच खडू लावतात, मानियस.”

“लावतात. पण जीव मुठीत धरून आलेला माणूस कोणाही उमेदवाराकडे जात नाही. ज्याच्याजवळ आपली अंगठी दिली होती, त्याच्याकडे जातो. मला वाटतं, ती अंगठी मेलेल्या बोटातून निघालेली नव्हती. ‘बायकोला दे, मी जिवंत आहे म्हणून सांग,’ एवढंच त्याने म्हटलं असणार. तू निरोप फिरवलास. मरणाऱ्याचा शब्द म्हणून त्याची माणसं घेतलीस, त्याची बायको घ्यायला निघालास. तो उंबरठ्यापाशी येऊन नुसतं बोलला असता तरी तुझी निवडणूक संपली असती.”

“हे सगळं तुझं वाटणं झालं,” गाव्हियस म्हणाला. तो हसतही होता. “चाबूकवाल्यांना त्यांचं काम करू दे.”

“करतील. वहिनी, प्रेनेस्टेला काय झालं ते एकदा सांगा.”

फाबेरियाने सांगितलं. फार बोलली नाही. चिता, लाकडं, न निघालेलं नाव. सेक्स्टसने मान खाली घालून हो म्हटलं.

गाव्हियसचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्याच्या टोग्यासारखाच पांढरा पडला.

“खोटं आहे,” तो म्हणाला. “क्रिया झाली होती. सगळ्यांनाच माहीत होतं. मी त्याला तेच सांगितलं, आणि त्याचाही...” तो थांबला, पण शब्द बाहेर पडले होते. त्याने हौदाकडे पाहिलं. “तो मेलेलाच होता. देवांच्या हिशेबी मेलेलाच होता तो. मेलेल्याचा खून होत नाही. मी फक्त दोर सोडला.”

“जिवंत होते,” फाबेरिया म्हणाली. “मी त्यांना मरू दिलंच नव्हतं.”

गाव्हियस मटकन हौदाच्या काठावर बसला आणि आपण कुठे बसलो हे कळताच पुन्हा उठला. जिवंत माणूस मारल्याचं त्याला आता, यंत्रासमोर, पहिल्यांदा कळत होतं. सेक्स्टसने चाबूकवाल्यांना खूण केली आणि त्यांनी बाटोऐवजी त्याचे हात धरले.

त्याला नेताना कुस्पियस आडवा आला.

“माझा अव्हलस. छातीत भाला लागून पडताना तू पाहिलास, असं म्हणाला होतास.”

गाव्हियसने मान फिरवली.

“लुकियस, पाहिलास का?”

“सगळे पळत होते,” गाव्हियस म्हणाला. “मी मागे वळून पाहिलंच नाही. मी आलो त्या दिवशी तू पुन्हा पुन्हा मुलाचं विचारत होतास. काहीतरी सांगायला हवं होतं. इतके मेले, तोही मेलाच असेल, असं वाटलं.”

६

फाबेरियाने बाटोला कुस्पियसच्या हवाली केलं. मालकाला ओ न दिलेल्या त्या देवडीत त्याला पुन्हा बसवणं तिला जड जात होतं, आणि त्यालाही. साखळी तिने तिथेच ठेवून घेतली.

घरी पोचल्यावर कुस्पियसने सेप्टिमियाला गाव्हियसचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिने खांब धरला. मग म्हणाली, “आपण तर सगळं केलं. चिता, हाका, नवव्या दिवसाचं जेवण.”

“केलं.”

“म्हणजे आला तरी दाराने येणार नाही.”

“नाही येणार. त्याला कोणी ना कोणी सांगेलच.”

कुस्पियसने मागच्या अंगणातली शिडी स्वतः ओढून आणली आणि बाहेरच्या भिंतीला लावली. मग बाटोच्या मदतीने चौकावरची कौलं काढली, एक माणूस सहज उतरेल इतकी. वरून बांधलेला जाड दोर त्याने आत सोडला आणि लोंबकळून पाहिला. दोर पक्का होता.

“चोर येतील धनी,” बाटो म्हणाला.

“येऊ देत. तू इथे बस, या दोराखाली. दाराचं बघायला दुसरा माणूस आहे.”

सेप्टिमिया कपाटातली मोठी चादर घेऊन आली आणि घडी घालून बाटोच्या शेजारी ठेवली. दिव्यात तेल भरून तोही जवळ ठेवला. बाटो त्या दिव्याकडे पाहत राहिला.

“आणि हाक आली तर?” त्याने विचारलं.

“तर या वेळी ओ दे,” कुस्पियस म्हणाला.